दोन हजार एकशे चाळीस वर्षांचं पान

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं काका स्वतःला सांगत असत. राहून गेलं नव्हतं, दिलं नव्हतं. आणि हा फरक त्यांना पुरेपूर माहीत होता, म्हणून तर ते पत्र त्यांनी टेबलावर न ठेवता कपाटातल्या सगळ्यात जाड पुस्तकात, दोनशे बाराव्या पानाशी घालून ठेवलं होतं.

पत्र वहीच्या रेघी कागदावर होतं. कोपऱ्यात शिवणाच्या निळ्या खडूचा, बोटाएवढा डाग. मजकूर थोडका होता:

"साहेबांस नमस्कार. वेलबाबांच्या काचघरात भिंतीवर तुमच्या सहीचा कागद लावला आहे. त्यात लिहिलं आहे की तिथल्या वेलीचं पान दोन हजार एकशे चाळीस वर्षांचं आहे. माझ्या धाकट्या भावाला क्षय झाला आहे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या आहेत, दोन महिने झाले. तो म्हणतो, जे पान दोन हजार वर्षं मेलं नाही ते खाऊन माणूस कसा मरेल? गोळ्या सोडून पान घेणार म्हणतो. माझं तो ऐकत नाही. तुमच्या कागदाचं ऐकेल. ते पान खरंच तेवढं जुनं आहे का? हो किंवा नाही, एवढंच कळवा."

खाली पत्ता, आणि नावाच्या जागी "शिवणकामवाली बहीण".

हो किंवा नाही. काकांचं सगळं आयुष्य ज्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत गेलं, नेमके तेच शब्द तिनं मागितले होते. चौतीस वर्षं त्यांनी एका प्रयोगशाळेत जुन्या वस्तूंचं वय मोजलं. लाकूड, कोळसा, हाडं, चिंध्या. कुठलाही आकडा आला की काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "पुन्हा मोजू." त्यावरून प्रयोगशाळेत त्यांचं नावच पुन्हाकाका पडलं होतं. तरुण पोरं चहा मागवतानाही "पुन्हा मोजा हो, कप चारच आहेत ना?" म्हणून त्यांना चिडवत. काका हसत. मग खरंच कप मोजत.

उत्तराचे सात कच्चे मसुदे त्यांनी लिहिले आणि फाडले. "हो" लिहावं तर वेडेपणा. दोन हजार वर्षांचं हिरवं पान कुणी पाहिलंय? "नाही" लिहावं तर आकडा त्यांच्याच यंत्रानं काढलेला, त्यांचीच सही, आणि आकड्यात खोट काढायला कुठेही जागा नाही. मग "नाही" कशाच्या जोरावर लिहायचं? विचार करता करता आठ महिने गेले.

पत्र सापडलं ते काकूंना, पुस्तकांवरची धूळ झटकताना.

"अहो, हे काय आहे?"

काकांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

"याला उत्तर दिलंत?"

"त्याचं असं आहे की..."

"म्हणजे नाही दिलंत."

"आकडा बरोबर आहे गं. आणि आकडा बरोबर असून गोष्ट खोटी आहे. ती खोटी कशी, ते मला कळत नाही. कारण माहीत नसताना नाही म्हणणं म्हणजे..."

"आठ महिने!" काकू स्टुलावर बसल्या. "तिनं हो की नाही विचारलं आणि तुम्ही तिच्यासाठी प्रबंध लिहिताय. तो वेल बघितलात तरी का कधी?"

काकांनी बघितला नव्हता. त्यांच्या धंद्याची रीतच अशी की नमुना पाकिटातून येतो, आकडा पाकिटातून जातो. निवृत्तीच्या शेवटच्या महिन्यात एक पान आलं होतं, पातळ, हृदयाच्या आकाराचं. अर्जावर "नमुना कुठला?" या रकान्यात लिहिलं होतं, "एका बागेतला वेल." बाग कुठली, कशी, काही नाही. निरोपसमारंभाची गडबड होती, लोक हार घेऊन दारात उभे होते. काकांनी आकडा पुन्हा मोजला आणि सही केली. आकडा दोनदा मोजणाऱ्या माणसानं बाग कुठली हे एकदाही विचारलं नव्हतं.

"उद्या जाऊ," काकू म्हणाल्या. "मी पण येते. तुम्ही एकटे गेलात तर दारावरची पाटी वाचून परत याल."

*

काचघर गावाबाहेर, जुन्या रोपवाटिकेच्या जागेत होतं. फाटकापासूनच रांग. कुणी पोटाशी धरलेल्या एक्स-रेच्या पाकिटासह, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी नुसतंच डोळे मिटून. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर कर्ण्यातून व्यवस्थापकाचा आवाज. हा व्यवस्थापक पूर्वी याच रोपवाटिकेत माळी होता. आता त्याचा शर्ट इतका पांढरा होता की बघणाऱ्यालाच आपण मळके वाटावं.

"मंडळी, सायन्स सायन्स म्हणतात ना? ते सायन्स इथं आलं! आलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि खाली सही करून गेलं! भिंतीवर बघा! दोन हजार एकशे चाळीस वर्षं! आम्ही नाही म्हणत, मशीन म्हणतं! ज्योत बघा! तेल नाही, वात नाही, काजळी नाही! वेल बघा! खत नाही, फवारणी नाही, तरी रोज वीत वीत वाढतो! बाबा काय करतात? बाबा काहीच करत नाहीत! नुसते बसतात! बसून दाखवा तुम्ही असं!"

बाबा खरोखरच नुसते बसले होते. वेताच्या खुर्चीत, गुबगुबीत, अर्धे डोळे मिटून, जेवणानंतर डुलकी घेणाऱ्या एखाद्या मामासारखे. ते तासाला एकच वाक्य बोलतात असं रांगेत कुणीतरी अदबीनं सांगितलं.

काकूंच्या पुढे एक आजीबाई होत्या. "सातवं पान माझं," त्या म्हणाल्या. "गुडघ्यासाठी."

"मग, बरा आहे का गुडघा?"

"दुखतो. पण आता आतून दुखतो. आधी बाहेरून दुखायचा."

"हा फरक चांगला की वाईट?"

"ते बाबांना माहीत," आजीबाई समाधानानं म्हणाल्या.

भिंतीवर दाखला होता. दाराएवढा मोठा करून, काचेत बसवून. काकांची बुजरी, बारीक सही आता हातभर लांब झाली होती. लोक तिला बोटं लावून ती बोटं कपाळाला लावत होते. काकांना घाम फुटला. त्यांनी मान खाली घातली आणि ते दोन दारांमधून काचघरात शिरले. दोन दारं अशासाठी की बाहेरचा वारा वेलीला सोसत नाही. एक दार लागल्याखेरीज दुसरं उघडत नसे.

आत दमट उबारा होता. काचांवर पाण्याचे थेंब. डोकं किंचित जड होत होतं, आणि रांगेतले लोक एकमेकांना सांगत होते, "जाणवतंय ना? शक्ती!" मधोमध चौथऱ्यावर पितळी भांड्यात ज्योत जळत होती आणि तिच्यामागून वेल काचेच्या छतापर्यंत चढला होता. काकांनी आधी वेलीकडे पाहिलं, मग ज्योतीकडे. ज्योत निळी होती. तेलाची ज्योत पिवळी असते, हे कुठल्याही घरात कळतं. आणि जवळ गेलं की तिचा बारीक फूत्कार ऐकू येत होता, काकूंच्या शेगडीसारखा.

त्यांची नजर चौथऱ्याच्या मागे गेली. वेलीच्या खोडाला लागूनच आणखी एक खोड वर आलं होतं. हिरवं, गुळगुळीत, एकही पान नसलेलं. रंग दिलेली नळी.

"अगं," ते काकूंच्या कानाशी कुजबुजले, "गॅस आहे."

"मग ओरडून सांगा की."

"नको नको. थांब." चौथऱ्याच्या पायथ्याशी, दोन फरशांच्या फटीत गवताचा एक झुबका उगवला होता. असलं गवत उगवतं, महिना-दोन महिन्यांत वाळून जातं. "मला ते गवत पाहिजे."

काकूंनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुढच्याच क्षणी कपाळाला हात लावून "अगं बाई, गरगरतंय मला!" म्हणत त्या आजीबाईंच्या खांद्यावर रेलल्या. एकच धांदल उडाली. "शक्ती चढली! शक्ती चढली!" सेवक धावले. काका गुडघ्यावर बसले. लोकांना वाटलं, म्हातारा भक्तीनं वाकला. त्यांनी गवत मुळासकट उपटून खिशात घातलं. आयुष्यातली त्यांची ही पहिली चोरी.

बाहेर पडल्यावर भिंतीपलीकडचं तसलंच गवत त्यांनी दुसऱ्या खिशात घेतलं.

*

परत येताना बाकावर बसून काकांनी बायकोला समजावलं.

"हवेत कार्बन असतो. त्यातला अगदी थोडा, एका लाख कोटी अणूंत एखादाच, किरणोत्सारी असतो. त्याला चौदा नंबरचा कार्बन म्हण. झाडं तो हवेतून घेतात. झाड मेलं की घेणं बंद होतं आणि आतला हळूहळू संपत जातो. पावणेसहा हजार वर्षांत अर्धा. किती उरलाय ते मोजलं की वय कळतं. आमचं यंत्र ते अणू एकेक करून मोजतं. नमुना जाळून त्याचा काळा कण करायचा, तो कण यंत्राच्या तोंडाशी ठेवायचा, त्यातले अणू प्रचंड वेगानं चुंबकांमधून पळवायचे. जड वेगळे, हलके वेगळे वळतात. शेवटी चौदा नंबरचे तेवढे मोजणाऱ्या टोकाशी पोचतात."

"बरं. पुढे?"

"जमिनीखालचा गॅस कोट्यवधी वर्षांचा. त्यातला चौदा नंबर केव्हाच संपलेला, एकही अणू नाही. तो गॅस त्या बंद खोलीत रात्रंदिवस जळतोय. जळून त्याचा कार्बन हवेत मिसळतो आणि वेल तीच हवा खातो. म्हणजे पान कालचं, पण त्यातला जवळजवळ पाव हिस्सा कार्बन पाताळातला. आमचं यंत्र म्हणणार, चौदा नंबर कमी आहे, म्हणजे जुनं आहे."

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे दुधात पाणी घातलेलं, आणि दूध पातळ लागलं म्हणून तुम्ही गाय म्हातारी ठरवलीत."

काका बायकोकडे बघत राहिले. चौतीस वर्षांत इतकं स्वच्छ त्यांना कधी सांगता आलं नव्हतं.

"आणि तो माळी," ते म्हणाले, "त्याला हे माहीत असणारच. भाजी लवकर वाढावी म्हणून काचघरात गॅस जाळतात. वेल रोज वीतभर वाढतो तो त्याच्यामुळे. ज्योतीचा चमत्कार आणि वेलीचा चमत्कार, दोन नाहीत ते. एकच आहे."

"झालं तर मग. घरी जाऊन तिला लिहा."

"पण हे माझं अनुमान आहे. मोजायला हवं."

काकूंनी डोळे मिटले.

*

प्रयोगशाळेची प्रमुख आता जी बाई होती ती एके काळी काकांच्या हाताखाली नमुने धुवायची. काकांनी दोन खिसे रिकामे केले तेव्हा तिनं काही विचारलं नाही; काचघरातला दाखला तिलाही माहीत होता. गवत आम्लात धुतलं, अल्कलीत धुतलं, जाळलं, त्याचा काजळीसारखा काळा कण केला, तांदळाच्या दाण्याएवढ्या खोबणीत दाबून बसवला. पाच आठवड्यांनी यंत्रावर पाळी आली.

बाहेरचं गवत: याच वर्षीचं.

आतलं गवत: तीन हजार ऐंशी वर्षांचं.

"काका," प्रमुखबाई हसू दाबत म्हणाली, "तुमचं गवत वेलीपेक्षा म्हातारं निघालं."

"ज्योतीच्या जास्त जवळ होतं ते," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता. "आता आपण तो दाखला मागे घेऊ."

तिचं हसू गेलं. "मी वर विचारलं होतं, काका. तुम्ही नमुने दिलेत त्याच दिवशी. संचालक म्हणतात, मागे काय घ्यायचं? आकडा बरोबर आहे. चुकीचा आकडा मागे घेतात, बरोबर आकडा कसा घेणार?"

"आकडा बरोबर आहे, पण अर्थ..."

"अर्थ आपण लिहिलाच नव्हता, म्हणतात. वाचणाऱ्यानं लावला."

"मग वाचणाऱ्याला सांगायचं कुणी?"

खुर्ची ओढून तिनं दोन्ही आकडे एका कागदावर लिहिले, खाली स्वतःची सही केली, आणि कागद काकांच्या हातात दिला. "हे माझं. संस्थेचं नाही."

घरी काकूंनी कागद वाचला. "आता मोजून झालं. बसा लिहायला."

"आधी काचघरात जाऊन सांगतो. एका बाईला सांगण्यापेक्षा सगळ्यांनाच कळेल."

चारचौघांत तोंड न उघडणारा हा माणूस भर गर्दीत बोलायला निघाला, याचं काकूंना नवल वाटलं. पण त्यात नवल नव्हतं. गर्दीतलं कुणी त्यांच्या उत्तराची वाट बघत नव्हतं. पत्र लिहिणारी बघत होती, आणि तिला नऊ महिन्यांनंतर काय लिहायचं याचीच काकांना धास्ती होती.

*

दाखल्यावरची सही माझी आहे, असं काकांनी सांगितल्यावर व्यवस्थापकानं त्यांना अक्षरशः उचलून चौथऱ्याशी नेलं. "मंडळी! सायन्स स्वतः आलंय!" टाळ्या पडल्या. काकांच्या हातात कर्णा आला. त्यांचा आवाज कर्ण्यातूनही बारीकच येत होता.

"ते पान दोन हजार वर्षांचं नाही," ते म्हणाले. "माझा आकडा बरोबर आहे, पण त्याचा अर्थ तो नाही. ही ज्योत गॅसची आहे. ती बघा, मागे नळी आहे, हिरवा रंग दिलाय. हा गॅस फार जुना असतो. वेल त्याची हवा घेतो म्हणून पान जुनं असल्यासारखं दिसतं. मी इथलं गवत नेऊन मोजलं. या फरशीच्या फटीतलं, महिन्या-दोन महिन्यांचं. ते तीन हजार वर्षांचं निघालं! भिंतीबाहेरचं तेच गवत आजचं निघालं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. एवढंच करा: महिनाभर ज्योत बंद ठेवा, दारं उघडी टाका, आणि मग जे नवीन पान येईल ते मोजायला पाठवा."

मागच्या बाजूला कुणीतरी "नळी आहे खरी," म्हणालं. एक माणूस वाकून बघायला पुढे सरला. व्यवस्थापकाच्या पांढऱ्या शर्टाला काखेत घाम दिसू लागला. काकांना आयुष्यात प्रथमच वाटलं की आपण बोललो आणि लोकांनी ऐकलं.

मग बाबांनी डोळे उघडले. त्यांचं त्या तासाचं वाक्य शिल्लक होतं.

"गवतसुद्धा," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

व्यवस्थापकानं कर्णा हिसकावून घेतला. "ऐकलंत? गवतसुद्धा! अहो, बाबांच्या पायाशी साधं गवत उगवतं आणि महिन्यात तीन हजार वर्षांचं होतं! आम्ही नाही म्हणत, सायन्स म्हणतं! साहेब, उपकार झाले तुमचे! नळी? आहे ना नळी! पाताळातून बाबांनी वर आणलेली शक्ती आहे ती! साहेबच म्हणाले ना आत्ता, फार जुनी आहे म्हणून? आणि ज्योत विझवा म्हणतात! तुमच्या आईचा श्वास महिनाभर बंद ठेवून बघाल का, ती खरी आई आहे का म्हणून?"

"छे! छे!" गर्दी ओरडली.

मघाशी वाकून नळी बघणारा माणूस आता फरशीच्या फटीत गवत शोधत होता. त्याच्यामागे आणखी दहा जण वाकले. सेवकांनी फटीभोवती दोरी बांधायला घेतली. प्रमुखबाईंचा कागद काकांच्या हातातून कुणी काढून घेतला ते त्यांना कळलं नाही. तो व्यवस्थापकाच्या हातात दिसला. व्यवस्थापक सेवकाला सांगत होता, "याचाही मोठा करून घे. काच चांगली लाव."

*

फाटकाबाहेर नळ होता. काका तिथं तोंडावर पाणी मारत होते, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मी लिहिलं होतं तुम्हाला."

तिशीची बाई. बोटांना निळा खडू. पदर तोंडावर धरलेला, आणि पदराआड खोकला.

काकांनी नळ बंद केला. "भाऊ?" एवढंच त्यांनी विचारलं.

"गेला. तीन महिने झाले."

"मी... माझ्याकडून..."

"मी रोज पोस्टमनची वाट बघायची," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर काकांना बरं वाटलं असतं, राग नव्हता. "महिनाभर तोही थांबला, गोळ्या घेत राहिला. मग म्हणाला, ताई, खोटं असतं तर एवढा मोठा माणूस लगेच लिहील ना? लिहीत नाही म्हणजे खरंच आहे. आणि सोडल्या गोळ्या."

काका नळाच्या कट्ट्यावर बसले.

"आता मलाही निघालाय," ती म्हणाली. "दवाखान्यातून गोळ्या आणल्यात. आईनं कपाटात बंद करून ठेवल्या. म्हणते, गोळ्यांनीच तो गेला, पान उशिरा दिलं म्हणून. रोज घेऊन येते मला इथं. आत रांगेत आहे ती. तुमचं बोलणं ऐकलं तिनं. गवत घ्यायला थांबलीये."

"मी बोलतो त्यांच्याशी. आत्ता बोलतो."

"नको. तोंडी बोलणं नको, काका. आत बघितलंत ना काय होतं बोलण्याचं? तिच्याकडे कागद आहे, भिंतीवरचा. माझ्याकडे काही नाही. मी मागितलं होतं तेच द्या. लिहून. आणि हातात नको, पोस्टानं पाठवा. पोस्टानं आलेलं पत्र आई शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेते, दारात बसून, सगळी गल्ली ऐकते. फाडता येणार नाही तिला."

"आणि तरी नाही ऐकलं तर?"

तिनं खांदे उडवले. "तर नाही ऐकलं." आणि खोकत ती आत गेली, कारण आईनं हाक मारली होती.

*

आठवा मसुदा काकांनी बसल्या बैठकीला लिहिला:

"बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ते पान दोन हजार वर्षांचं नाही. ते या वर्षीचं आहे. भिंतीवरच्या कागदावरची सही माझी आहे, म्हणून हे मीच सांगायला हवं. बंद खोलीत जमिनीखालचा गॅस जळतो, वेल ती हवा घेतो, आणि आमचं यंत्र फसतं. तिथं महिनाभराचं गवतही तीन हजार वर्षांचं निघतं. तिथं तुम्ही धण्याचं रोप ठेवलंत तर तेही निघेल. आणि पान खरोखर दोन हजार वर्षांचं असतं, तरी जुनं म्हणजे औषध असं होत नाही. दगड त्याहून जुना असतो.

"क्षयाच्या गोळ्या हजारो माणसांना देऊन, न देऊन, मोजून पाहिल्या आहेत. ज्योत विझवून पान मोजू का, एवढं विचारलं तर तिथले लोक ओरडतात. जे तपासू देतात त्यांच्यावर विश्वास ठेवा, जे तपासू देत नाहीत त्यांच्या हाती जीव देऊ नका. माझ्या सहीवरही विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आईंना माझी विनंती आहे, कपाट उघडा. गोळ्या आजपासून, सहा महिने, एकही न चुकवता.

"तुम्ही विचारलंत तेव्हा 'नाही' का, ते मला माहीत नव्हतं. पण गोळ्या सोडू नयेत हे तेव्हाही माहीत होतं. तेवढंच लिहायला हवं होतं. कारण शोधत बसलो. तुमचा भाऊ त्यात गेला."

"वर एक ओळ टाकतो," काका म्हणाले, "आकड्यात तीस वर्षांचा फरक इकडे तिकडे असू शकतो म्हणून."

काकूंनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, कागदाची घडी केली आणि पाकीट चिकटवलं.

पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवरच्या माणसानं पाकीट तराजूत टाकलं.

"साधं?"

"रजिस्टर करा. कधी पोचेल?"

"परवा."

"उद्या नाही का?"

"काका, गाडी गेली आजची. परवा."

त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या ढिगात टाकलं. काका पावती हातात धरून तिथंच उभे राहिले. मागचा माणूस "झालं का, आजोबा?" म्हणाला तेव्हा ते बाजूला झाले. परवापर्यंत दोन दिवस होते. ती रोज एक पान घेत होती.